एकतीस एक

एकाला एक जोडत गेलं की जी संख्या उभी राहते, तिला जगातली कोणतीही शक्ती विभागू शकत नाही, असं दुर्गजवळच्या मरोद्यातल्या आमच्या मराठी मंडळाच्या दाराशी काळ्या ग्रॅनाइटवर कोरलेलं आहे. त्याखाली ती संख्या आहे. नुसते एक, ओळीनं. मंडळाचा पंचविसावा वर्धापनदिन हॉलला छप्पर नव्हतं म्हणून हुकला आणि तिसावा अध्यक्ष ठरेना म्हणून. त्यामुळे एकतिसावा थाटात झाला. वर्षाला एक, असे एकतीस एक ठरले.

कल्पना अध्यक्षांची होती. संख्येची जबाबदारी माझ्या वडिलांची.

बाबा दुर्गच्या रेल्वे यार्डात ट्रेन्स क्लार्क होते. मालगाडी लागली की इंजिनापासून अगदी शेवटच्या डब्यापर्यंत, ब्रेकव्हॅनपर्यंत, पायी जायचं, प्रत्येक वॅगनचा नंबर स्वतः वाचायचा आणि मगच सही करायची. फोनवर कोणी नंबर सांगितले तर ते लिहून घेत, आणि तरीही चालत जात.

सभेत अध्यक्षांनी विचारलं, "भाऊ, याले कशानं भाग तर नाही जात?"

"एकोणीस एकांले जात नाही. तेवीस एकांलेही जात नाही," बाबा म्हणाले. "एकतिसांलेही नसन जात."

एकतीस एक लिहिलेल्या कागदावर त्यांनी सही केली. त्यावरून दगडावर खाली एक बारीक ओळही आली: 'संख्या तपासली', आणि पुढे बाबांचं नाव.

उद्घाटनाला अध्यक्ष एकतेवर पाऊण तास बोलले. मंडळात तेव्हा दोन गट होते; खुर्च्याही मध्ये वाट ठेवून मांडल्या होत्या. घरी आल्यावर बाबांनी कोरी वही काढली.

"आता कावून?" आईनं विचारलं. "दगड तं बसला."

"ब्रेकव्हॅन न पाह्यता सही केली मी."

मी म्हटलं, मोबाईलवर क्षणात कळेल. ते म्हणाले, "मोबाईल चालत गेलता का गाडीसोबत?"

मग दोन, तीन, पाच, सात करत एकेका मूळ संख्येनं भागणं सुरू झालं. प्रत्येकीला एक पान. महिना गेला, वह्या बदलल्या.

"भागाकार करून राहिले तं करा," आई म्हणाली, "पण वांगे कोण आणन?" बाबा वही घेऊन बाजारात गेले आणि दोडके घेऊन आले.

२७८९ नं भाग गेला नाही. पुढची मूळ संख्या २७९१. तिनं गेला, बाकी शून्य. त्यांनी तो भागाकार तीनदा केला आणि वही मिटली. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

पुढे मी वाचलं की एकतीस एकांच्या संख्येला भाग जाणारी मूळ संख्या बासष्टच्या पटीपेक्षा एकानं मोठीच असावी लागते. २७९१ पर्यंत अशा तेराच आहेत. बाबांनी चारशे सहा तपासल्या होत्या. हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

भाग गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अध्यक्षांकडे गेलो.

"साहेब, भाग जाते."

"कशानं?"

"दोन हजार सातशे एक्क्याण्णवनं."

अध्यक्षांनी थोडा विचार केला. "एवढे तं आपले मेंबरच नाहीत, भाऊ. राहू द्या."

"खाली नाव माझं आहे. ते तरी खोडा."

"नाव खोडलं तं लोक विचारतीन, कावून खोडलं."

परतताना बाबा दगडापाशी थांबले. आधी आपल्या नावाकडे पाहत राहिले. मग सवयीनं डावीकडून उजवीकडे एकेका आकड्यावर बोट ठेवत गेले. परत डावीकडे आले, पुन्हा गेले.

"तू मोज," ते मला म्हणाले.

मी मोजले. तीस भरले. मिस्त्रीला कडेला जागा पुरली नव्हती.

"मी एकतिसांवर सही केली होती," बाबा म्हणाले. "हा नंबर माझा नाही." वाटेत त्यांनी वांगी घेतली आणि घरी पोटभर जेवले.

दगड अजून तिथंच आहे. तीस एकांच्या संख्येला तीननं भाग जातो.