खळ्यातून रस्ता नाही

पाच वर्षांपूर्वी मी या ब्लॉगवर डोंबिवली ते खडवली असा एक सायकलचा मार्ग लिहिला. माझ्या सगळ्या लेखांत तोच सर्वांत जास्त वाचला गेला. फोनमध्ये नोंदलेला मार्गही सोबत जोडला होता, म्हणजे कुणालाही तो उतरवून घेऊन तसाच्या तसा जाता यावं. लोक गेले. अजून जातात. मी मात्र पुन्हा गेले नव्हते.

या नोव्हेंबरात गेले ती मिलिंदमुळे. मिलिंद माझा धाकटा दीर. वागळे इस्टेटमध्ये नोकरी करतो आणि दोन वर्षांपासून सायकल चालवतो. त्याची सायकल कार्बनची आहे. ती दोन बोटांनी उचलता येते, हे तो घरी येणाऱ्या प्रत्येकाला दोन बोटांनी उचलून दाखवतो.

"वहिनी, तुझा रूट आमच्या ग्रुपमध्ये फेमस आहे," तो म्हणाला. "त्यात एक सेगमेंट आहे. माझा तिसरा नंबर लागतो. चल ना एकदा."

सेगमेंट म्हणजे काय, ते मला समजावून घ्यावं लागलं. ॲपमध्ये रस्त्याचा एखादा तुकडा कापतात, त्याला नाव देतात आणि त्यावरून कोण किती सेकंदांत गेलं याची यादी लावतात. माणसं पहाटे उठून, तीस किलोमीटर जाऊन, नदीकडे पाठ करून सेकंद मोजतात. या तुकड्याचं नाव 'आजीचं अंगण' होतं. नाव माझ्या लेखातून उचललेलं. मला तेव्हा बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.

रविवारी साडेपाचला निघालो. ठाकुर्ली, पत्रीपूल, कल्याण, शहाड. इथवर लिहिण्यासारखं काही नाही. खड्डे आहेत, ते चुकवा. शहाडच्या पुलावरून उल्हास दिसते. सकाळच्या अंधूक उजेडात ती नदी वाटते. उजेड वाढायच्या आत पूल ओलांडा.

आंबिवलीला टपरीवर चहा घेतला. दहा रुपये, आलं भरपूर. तिथे एक ग्रुप थांबला होता. चौदा पुरुष, एकसारख्या जर्सी, पाठीवर एका बिल्डरचं नाव.

"आज किती?" त्यांच्यातल्या एकानं मला विचारलं.

"खडवलीला जाऊन येणार."

"नाही, किलोमीटर."

"मोजले नाहीत."

त्यानं मिलिंदकडे बघितलं. मिलिंदनं चहाच्या ग्लासात बघितलं. साधारण पासष्ट होतात, तुमच्यासाठी सांगते.

टिटवाळा संपलं की फलक सुरू होतात. निसर्गाच्या कुशीत दुसरं घर, तिसरं घर, फार्महाउस प्लॉट. फलकावरची झाडं हिरवी आहेत. फलकामागची तोडलेली आहेत. एका प्लॉटच्या लोखंडी फाटकामागे नुसतं गवत होतं आणि कोपऱ्यात प्लास्टिकचं एक हरीण.

मग काळू नदीवरचा बुटका पूल. पावसाळ्यात तो पाण्याखाली जातो, तेव्हा या बाजूला येऊ नका. पुलापलीकडे रस्ता खरोखर चांगला आहे. हे मी नाइलाजानं लिहिते, कारण चांगल्या रस्त्याचं पुढे काय होतं ते आता मला माहीत आहे. छोटे चढ, छोटे उतार, कापलेल्या भाताची खुंटं, बांधावर साग. उताराच्या तळाशी गार हवा साचलेली असते. चढ संपला की पूर्वेला माहुलीचे सुळके दिसतात. डोळ्यांना एवढं पुरतं. पायांना एकोणीस चढ.

फळेगाव मागे टाकल्यावर एक पाडा लागतो. त्याचं नाव मी मागच्या लेखात दिलं होतं. या वेळी देत नाही.

पाड्याच्या अलीकडे मिलिंदनं पाण्याची बाटली नीट बसवली आणि हेल्मेटचा पट्टा आवळला. "वहिनी, इथून चालू होतं. चारशे मीटर. तू ये मागून सावकाश." आणि तो गेला.

पाड्याच्या तोंडाशी डांबरी रस्ता डावीकडे वळतो. माझा जुना मार्ग वळत नाही. तो सरळ दोन घरांच्या मधून जातो. त्या दिवशी तिथे भिंतीला करवंदीच्या काटेरी फांद्या टेकवून ठेवल्या होत्या. रस्ता अडवायला रचलेल्या, कुणीतरी उचलून बाजूला केलेल्या. अगदी व्यवस्थित. पलीकडे खळं होतं, नुकतं शेणानं सारवलेलं, अजून ओलं. त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चाकाची एक रेघ गेली होती.

एक बाई शेणाचे हात अधांतरी धरून त्या रेघेकडे बघत उकिडवी बसली होती. मागे ओट्यावर तिची सासू होती. मी तिला ओळखलं. लेखातली आजी तीच.

"या," आजी म्हणाली. "एक गेला. मागनं दुसरी येनार, ते ठावं व्हतं."

मी सायकलवरून उतरले. "तो माझा दीर आहे."

"मंग घरचाच हाय. जाऊ द्या."

सून हसली नाही. "तिसऱ्यांदा सारवते मी या आठवड्यात," ती म्हणाली. "उद्या झोडायला मानसं येनार. आज वाळलं नाय तर भारे तसंच पडतील."

शहरातल्या वाचकांसाठी: भात झोडण्याआधी जमीन चोपून, सारवून, वाळवून टणक करतात. तिला चीर राहिली तर दाणा चिरेत जातो आणि माती दाण्यात येते. पुढे वर्षभर ताटात खडे. बाजूला भाऱ्यांची उडवी रचून तयार होती. घरच्या वर्षाचं सगळं भात त्या ढिगात होतं.

"फांद्या लावता ना तुम्ही?" मी विचारलं.

"लावतो की. उचलून ठेवत्यात. परवाचा तर सॉरी बोलून गेला," सून म्हणाली.

"म्या एकाला धरला," आजी म्हणाली. "तो म्हनला, आजी, नकाशात रस्ता हाय. म्या म्हनलं, माझ्या सासऱ्यानं बांधलेलं घर नाय का रं तुझ्या नकाशात? तर फोनात बघाया लागला. खरंच बघत व्हता." तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "तुमी बाटली भरून घेतलेली ना? मोरीचं काम चाललेलं तवा?"

"हो."

"म्याच म्हनलं व्हतं, आज हिकडनं जा."

आज, असं म्हणाली होती. पाच वर्षांपूर्वी इथली रस्त्याखालची मोरी खणलेली होती, डांबरी रस्ता बंद होता, आणि तिनं मला एका दिवसापुरतं अंगणातून जाऊ दिलं होतं. घरी येऊन मी लिहिलं: 'या गावात अंगण आणि रस्ता यांत फरक करत नाहीत.' साहित्य शिकवणाऱ्या बाईचं वाक्य. सुबक, खोटं. खाली त्याचा मार्ग जोडलेला. मोरी महिन्याभरात बुजली असेल. वाक्य राहिलं.

तेवढ्यात मिलिंद परत आला. ज्या बाजूनं गेला होता त्याच बाजूनं.

"वहिनी, नऊ सेकंदांनी गेलं. कोंबडी आली मधे. एकदा परत मारतो."

त्याचं पुढचं चाक खळ्याच्या कडेवर होतं.

"मार बाबा," आजी म्हणाली. "कोंबडी मी धरून ठेवते."

मिलिंद आमच्या तोंडांकडे बघत राहिला. मग त्यानं खाली बघितलं. तो वाईट माणूस नाही. त्याला फक्त खाली बघायची सवय नाही.

"ही आपली लाइन आहे?" त्यानं विचारलं.

"तुझी आहे," मी म्हणाले. "रस्ता माझा."

सुनेनं घमेलं माझ्याकडे सरकवलं. "ताई, सारवता येतं?"

"नाही."

"त्यांना?"

"त्यालाही नाही."

"मंग बसा दोघं."

मिलिंदनं पेडलमध्ये अडकणारे क्लीटचे बूट काढले. आजी त्याच्या तंग पोशाखाकडे बघत म्हणाली, "कापड कमी पडलं का रं?" तो "हो आजी" म्हणाला आणि उकिडवा बसला. शेण आणि माती हातानं एका वळणानं पसरायची असते, मागच्या फेऱ्याला पुढचा फेरा जोडून. आमचे फेरे जुळेनात. सून मागून येऊन ते पुसायची आणि पुन्हा काढायची. तासाभरात एका रेघेएवढं काम झालं, तेही मुख्यतः तिनं केलं. निघताना मिलिंदनं सायकल उचलून खळ्याच्या बाहेरून नेली. दोन्ही हातांनी.

"वाळेल का?" मी विचारलं.

"ऊन हाय," सून म्हणाली. "कुनी आलं नाय तर वाळंल."

आम्ही फांद्या जागेवर रचल्या आणि डांबरी रस्त्यानं खडवलीला गेलो. भातसा तिथे रुंद आणि उथळ आहे. लोक नदीत गाड्या धुतात आणि काठावर कोंबड्या भाजतात. मिसळ मिळते, ठीक. मिलिंदनं हात तीनदा धुतले.

"तू तुझा रूट काढून टाकलास तरी सेगमेंट राहणार," तो म्हणाला. "सगळ्यांनी कॉपी केलाय."

"मग कसा जाईल?"

"धोकादायक म्हणून कळवायचं. मग यादी बंद होते." त्यानं पाव मोडला, खाल्ला नाही. "दोन वर्षं लागली गं तिसऱ्या नंबरला."

गोवेली, रायते करत कल्याणपर्यंत तो माझ्या मागे राहिला. इतर दिवशी तो मागे राहत नाही.

घरी येऊन मी जुना मार्ग काढला आणि ते वाक्यही. दोन्हीला मिळून मिनिटही लागलं नाही. नखांतलं शेण दोन दिवस निघालं नाही. शिकवताना फळ्यावरचा हात सारखा दिसत होता.

बुधवारी मिलिंदनं फोनच्या पडद्याचं एक छायाचित्र पाठवलं. 'आजीचं अंगण' बंद. कळवताना कारण निवडावं लागतं. त्या यादीत रहदारी होती, चौक होता, खराब रस्ता होता. कुणाचं घर, असा पर्याय नव्हता. त्यानं 'इतर' निवडलं होतं आणि खाली लिहिलं होतं: खळं ओलं आहे.

ज्यांच्या फोनमध्ये माझा जुना मार्ग अजून आहे, त्यांनी तो पुसावा. पाड्याच्या तोंडाशी काटेरी फांद्या दिसतील. त्या उचलू नका. डावीकडे डांबरी रस्ता आहे. त्यानं दोन किलोमीटर जास्त पडतात. पडू देत.