गुऱ्हाळाचं इंजिन आणि वाडीचं दूध

आमचं मालक, जोतीराम त्यांचं नाव, मानूस म्हनून सोन्यासारखं. पन डोक्यात एकदा इंजिन शिरलं की मी त्यांची बायकोबी दिसत न्हाई आनि ताटातली भाकरीबी दिसत न्हाई. कोल्हापुरात उद्यमनगरला दुसऱ्याच्या ग्यारेजात हात काळं करून त्यांनी उमेदीची वर्सं घालवली. मग एक जुनी, बारकी पिकअप घेतली आनि आमी वाडीला परत आलो.

आमची वाडी कोडोलीच्या वर, डोंगराच्या अंगाला. रस्ता म्हंजे नुसतं दगडगोटं. वर कुनाची गाडी यायला बघत न्हाई, त्यामुळं वाडीतल्या समद्या बायकांचं दूध सकाळी खाली कोडोलीच्या केंद्रावर न्यायचं काम मालकांच्याकडं आलं. ज्येच्या त्येच्या घरची किटली, तिच्यावर रंगानं नाव. खाली नेमिनाथअण्णा परत्येक किटली मापायचं, फॅट काढायचं आनि त्यावर भाव लागायचा. वाडीत म्हशीबिगर दुसरी कमाई न्हाई. गाडी चालली तर चूल पेटनार, एवढं सरळ व्हतं बगा.

आनि ऐन उन्हाळ्यात, चढाला, गाडीतलं पानी संपलं. इंजिन तापलं आनि ब्लॉकला ह्यो एवढा तडा! मालकांनी उद्यमनगर पालथं घातलं. समद्यांनी एकच सांगितलं, ह्या गाडीचं इंजिन यायचं कवाच बंद झालंय. मी म्हटलं, झालं, आता काय गाडीची पूजा घालायची? मालक चपला घालून भायेर पडलं. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरवर टाकून घेऊन आलं काय, तर खालच्या बागायतदार विजयसिंहांच्या बंद पडलेल्या गुऱ्हाळावरचं इंजिन! उसाचा चरक फिरवायचं, एका सिलिंडरचं, हँडल मारून चालू करायचं ते धूड. उद्यमनगरला जायच्या आधी, तरनेपनी, मालक त्याच गुऱ्हाळावर इंजिन बघायचं. विजयसिंह म्हनालं म्हनं, ने की, भंगारात जान्यापरास तुज्याकडं ऱ्हाईल. घरचं झालं थोडं आनि व्याह्यानं धाडलं घोडं!

"आवं, गाडीत घालून काय रस काढायचाय?" मी इचारलं.

"इंजिन म्हंजे इंजिन. चरक फिरवतंय, मग चाक फिरवायला काय धाड भरलीया?"

झालं, चेसी कापली, लोखंड जोडलं, पान्याचा ड्रम मागं बांधला. वाडीतली मानसं कामधाम सोडून बघत बसलेली. पहिल्यांदा हँडल मारलं, टुक टुक टुक टुक सुरू झालं, मालकांनी ऐटीत पहिला गिअर टाकला, आनि गाडी गेली मागं! थेट शेनाच्या उकिरड्यात. ते इंजिन म्हनं उलटं फिरतंय. करायला गेलं गनपती आनि झालं माकड. मी तर हसून हसून खाली बसलो. मालकबी हसलं. ते तसं हसलेलं मी त्यानंतर बघितलं न्हाई.

मग त्यांनी मागच्या चाकांमधला दात्यांचा गड्डा उलटा करून बसवला आनि गाडी म्होरं निघाली. बैलापेक्षा जरा बरी चालायची, एवढंच. आत बसलं की दातावर दात आपटायचं. पोलिसाच्या रस्त्याला न्यायची सोय न्हाई, पन वाडी ते कोडोली कोन बघतंय? बनाबाईनं नारळ फोडला. ही आमच्या वाडीतली म्हातारी, एकटी, एकच म्हैस. पन तिच्या दुधाला जी फॅट लागायची ती अख्ख्या केंद्रात कुनाला लागायची न्हाई. मालकांच्या तोंडावरनं हात फिरवून म्हनाली, "जोत्या, तू हाईस म्हनून वाडी हाय लेकरा."

त्याच बनाबाईची फॅट पहिली पडली. मग आमची पडली. मग समद्यांचीच.

बायका एकमेकींच्या अंगावर गेल्या. तू पानी घालतीस, तुजी म्हैस आटलीया, हे आनि ते. नेमिनाथअण्णांनी सांगितलं, पानी न्हाई, पान्याचं मशीनवर दिसतं. ह्या दुधातली साय कुनीतरी काढलीया. झालं! घरात कुनी काढली न्हाई, मग वाटंत कोन असतंय? देवळाच्या कट्ट्यावर बनाबाई समद्यांच्या म्होरं म्हनाली, "जोत्या, इंजिनाला डिझेल लागतंय, ते आमच्या सायीवर भरतोस व्हय रं?"

मी तिला नको नको ते बोललो, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या दिवशी मालक म्हनालं, किटल्यांना तुमच्या तुमच्या हातानं गाठी मारा. मारल्या. तरी फॅट पडली. मग म्हनाया लागले, जेला इंजिन खोलता येतंय तेला गाठ खोलता येत न्हाई व्हय? त्या दिवसापास्नं मालकांचं जेवान तुटलं. भाकरी मोडायचं आनि तशीच ठेवायचं.

एका सकाळी मी आमची किटली धूत व्हतो. झाकनाच्या आतनं पांढरं कन चिकटलेलं, साबुदान्यागत. ह्याआधी घाईत पान्याबरोबर सोडून दिलं असनार. बोटानं चोळलं तर लोनी! माझ्या हातातनं किटलीच पडली. अर्धी भरलेली किटली, वर ऊन आनि खाली ते धूड टुक टुक करत सगळ्या वाटंला हिसकं देतंय. ताक घुसळायला दुसरं काय लागतंय?

मी पळत मालकांच्याकडं गेलो. त्यांनी ते कन हातावर घेतलं, चोळून बघितलं.

"सांगितलं तर चोर न्हाई ठरनार," ते म्हनालं. "पन गाडी बंद. न्हाई सांगितलं तर गाडी चालंल. आज न्हाई उद्या बाया गप बसतील."

मी म्हटलं, "सांगू नका. म्हनू देत चोर. चोराच्या घरात निदान चूल तरी पेटती."

आजबी माझं तेच म्हननं हाय. पन ऐकतंय कोन!

त्यांनी बनाबाईला तिच्या किटलीशेजारी, मागं, गाडीत बसवलं. गाठ तिची, हात तिचा. कोडोलीत अण्णांच्या म्होरं तिनंच झाकन उघडलं. वर लोन्याचं गोळं तरंगत व्हतं, रोजच्या घाईत फेस म्हनून बाजूला सारलेलं. म्हातारीनं बोटानं उचलून तोंडात घातलं आनि मालकांच्या गळ्यात पडून रडली. "चुकलं माजं, लेकरा." अण्णांचंबी डोळं भरलं. पन ते म्हनालं, "जोतीराम, तुज्यावरचा आळ गेला. आता ह्या गाडीतलं दूध मला घेता यायचं न्हाई. ते दूध ऱ्हायलंच न्हाई की रं."

मालकांनी काय केलं न्हाई इचारा. इंजिनाखाली टायरची रबरं घातली, किटल्या पेंढ्यात बसवल्या. अण्णा म्हनालं, समद्यांचं एकत्र करून मोठा क्यान काठोकाठ भरा, हलनार न्हाई. तर बाया पुन्ना भांडल्या. माझ्या म्हशीचं घट दूध त्या भवानीच्या पातळात वतू व्हय? एक दिवस कसंबसं वतलं, तरीबी लोनी आलंच. डोईवरनं खाली न्यायचं तर उन्हात नासतंय, आनि दुसरी गाडी वर यायला तयार न्हाई. किती जनांचं पाय धरलं त्यांनी.

मग वाडीनं म्हशी इकायला काढल्या. वडगावच्या बाजाराला न्यायच्या कशातनं? जोतीरामच्या गाडीतनं! एकजन दात काढत म्हनालाबी, "म्हशीच्या पोटातलं दूध काय घुसळत न्हाई, ने बिनघोर." मालकांनी एकेक म्हैस नेली. बनाबाईची नेली तवा म्हातारी वाडीच्या कडंपर्यंत गाडीमागनं चालत आली. गाडी तिच्यापेक्षा फार जोरात जात नव्हतीच.

शेवटी आमची. बाजाराला न्यायच्या म्हशीला सकाळी पिळत न्हाईत. कास तटतटलेली दिसली की गिऱ्हाईक थांबतं. मी मागं दावं धरून, मालक म्होरं. पोलिसाचंबी भ्या उरलं नव्हतं, धरली गाडी तर धरू देत. वाटभर ते इंजिन टुक टुक करत व्हतं आनि हिसक्या-हिसक्याला म्हशीच्या सडातनं दूध गळत व्हतं. मी सडाखाली हात धरून बघितला. हातानं काय थांबतंय?

वडगावला मालक उतरलं, मागची फळी पाडली, आनि समदं दूध त्यांच्या पायावर आलं. तिथं पहिल्यांदा रडलं ते. एवढं झालं, चोर म्हनून घेतलं, तवा डोळ्यात टिपूस न्हाई, आनि भर बाजारात हुंदकं द्यायला लागलं. मी म्हटलं, आवं, डोळं पुसा, गिऱ्हाईक आलंय.

गिऱ्हाईक वाकून बघत व्हतं. "पावणं, गळतंय की हो. लई दुधाची दिसतीया."

मालकांनी बाहीनं तोंड पुसलं.

"व्हय," म्हनालं. "लई दूध हाय."