बुद्धाशेजारची तबकडी

आमच्या मेढ्याच्या घरात चुलीसमोरच्या भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीशेजारी एका विलायती रॉक बँडची मोठी तबकडी कव्हरासकट टांगलेली असायची. कव्हरवर गडद निळं आकाश, चिक्कार तारे आणि मधोमध डोळे मिटून मांडी घालून बसलेला एक माणूस. तो बुद्धच, असं आई धरून चालली होती. वंदना झाली की दोन फुलं तसबिरीला आणि एक या कव्हरला.

सत्तरच्या दशकात वडील फौजेत होते. एकदा सुट्टीवर येताना त्यांनी ती दिल्लीच्या जुन्या बाजारातून आणली. वाजवायचं यंत्र घरात कधी आलंच नाही. पुढं कॅसेटी आल्या, त्याही गेल्या. तबकडीत काय आहे हे आमच्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. मोबाइलवर शोधून ऐकवू का, असं मी वडिलांना विचारलं, तर म्हणाले, "तबकडी हाय न्हवं आपल्याकडं?"

मी सांगलीला शाळेत शिकवते. गेल्या हिवाळ्यात वडिलांचे डोळे तपासायला ते आणि आई माझ्याकडं आले, तेव्हा तबकडीही आणा म्हणून मी बजावलं होतं. आमच्या चित्रकलेच्या सरांकडं चालू रेकॉर्ड प्लेअर आहे, माधवनगरला. आईनं एसटीत ती टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरली होती.

सरांनी तबकडी उजेडात तिरकी धरली. धगीनं कड वाकली होती. पहिल्या बाजूवर सुई नुसत्या उड्या मारायला लागली.

"मीच चुलीम्होरं टांगली," आई पडल्या चेहऱ्यानं म्हणाली.

"थांबा आई, दुसरी बाजू बघू," सर म्हणाले.

दुसरी बाजू लागली. आधी बराच वेळ वारा, मग गिटार, ड्रम आणि विमान सुटल्यासारखी घरघर. आई दचकली. "आवं, ह्यो कसला बुद्ध म्हनायचा?"

सर हसले, मीही हसले. वडील मात्र खुर्चीच्या कडेला येऊन बसले होते. हळूहळू गोंगाट विरला आणि लांबून पाच-सहा माणसं एकच सूर धरून गायला लागली. शब्द कळत नव्हते. आईनं पदर सारखा केला आणि हात जोडले.

"पोस्टवर असंच हुतं," वडील अचानक म्हणाले. "वर बर्फात. पहाऱ्याला हुबं ऱ्हायलं की नुसता वारा न् एवढं तारं. हात पुरंल असं वाटायचं. बाजारात ह्ये चितार बघितलं न् म्हनलं, आपली जागा छापलीय कुनीतरी."

"आन् त्यो बसलेला?" आईनं विचारलं.

वडील लाजल्यासारखे हसले. "त्यो मला मीच वाटलो."

"म्हंजी? एवढी वरसं मी तुमाला फुलं वाहत हुते व्हय?"

"म्या कवा नगं म्हनलं?"

आई इतकी हसली की डोळ्यांना पदर लावावा लागला. मग तिनंच सरांना सांगितलं, "परत लावा की." ती बाजू आम्ही पुन्हा सबंध ऐकली. या खेपेला घरघर आली तरी आई दचकली नाही. वडिलांकडंच बघत राहिली.

निघताना वडिलांनी कव्हर आपल्याकडं ठेवून नुसती तबकडी सरांच्या हातात दिली. "ही तुमच्याकडंच असू द्या. हितं वाजंल तरी. आमाला चितार बास हाय." सर नको नको म्हणत राहिले, पण वडिलांनी ऐकलं नाही.

रिक्षात मी पुढं ड्रायव्हरशेजारी बसले. मागं आई विचारत होती, "थंडी लय असंल की वर?"

"लय. मोजं काढायची सोय न्हवती."

"आन् जेवान?"

वडील सांगायला लागले. त्यांना फौजेबद्दल एवढं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. घर आलं, रिक्षा थांबली, तरी त्यांचं बोलणं संपलं नव्हतं. ड्रायव्हरनं मागं वळून पाहिलं. मी त्याला खुणेनंच म्हटलं, जरा थांब.