श्रावणात पाहिलेली खळवाडी

आमच्या समोरच्या चाचांइतका मोकळ्या जमिनीला जीव लावणारा माणूस उभ्या जिल्ह्यात झाला नसेल; आणि ती जमीन दीड ओळीत घालवणारा माझ्यासारखा कारकूनही झाला नसेल. परंडा रस्त्यावरच्या आमच्या गावात मी तेव्हा कमिटीच्या कचेरीत होतो. विलीनीकरणानंतर गावाला सुधारणेची घाई झाली होती. दुकानांची चाळ हवी, गोदाम हवं, मोटारींना थांबायला जागा हवी. ते सगळं कुठं बसवायचं म्हणून साहेबांनी मला वेशीबाहेरची खळवाडी पाहून यायला धाडलं. मी गेलो तो श्रावणात. धोतर चिखलानं भरलं, एक म्हैस तेवढी भेटली. परत येऊन लिहिलं, "जागा रिकामी आहे. कुणाच्याही वापरात नाही." अक्षर सुरेख आलं म्हणून साहेबांनी शाबासकीही दिली.

चाचा निजामाच्या मोजणी खात्यातून पेन्शनीत निघालेले. मोजणीची साखळी सरकारजमा झाली, तेव्हापासून ते पावलांनी मोजत. रोज सकाळी खळवाडीला एक फेरा ठरलेला. वाटेत सलाम केला तर नुसता हात वर करायचे, आणि शंभर पावलं भरली की आपण पार वळणापाशी पोचलेलो असताना मागून खणखणीत आवाज यायचा, "सलाम, सलाम!" माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात वऱ्हाड दारात आलेलं, आणि हे भर मांडवात पावलं टाकतायत. "पंगत आडवी घाला, बारा मानसं जास्ती बसतील." घातली, नेमकी बारा जास्ती बसली. खळवाडीत दिसलेला बाभळीचा प्रत्येक काटा उचलून ते शेरवानीच्या खिशात टाकत, कारण उद्या तिथं मळणीचे बैल फिरणार. चाची म्हणायच्या, "ह्यांची शेरवानी खुंटीला लावायची तर चिमट्यानं धरावी लागती."

चाळीचा नकाशा कचेरीत टांगला त्या दिवशी चाचा आले. बराच वेळ पाहत राहिले, मग माझ्या मेजापाशी आले.

"का हो रावसाहेब, थंडी चूल बघून लिवलं व्हय, हितं कुणी रांधत न्हाय म्हणून? माघात आख्ख्या गावची खळी पडत्यात तिथं."

"मग दुकानं नकोच म्हणता?" मी म्हणालो.

"नको कोण म्हणतंय? सडकंच्या कडंनं एक रांग घाला की. मधलं मोकळं ठेवा. दुकानं म्हंजी गावचं तोंड; नुसत्या तोंडावर भागतंय का मानसाचं? पोट बी लागतंय."

साहेबांनी ऐकून घेतलं, चहा पाजला, आणि माझाच कागद त्यांच्यापुढं सरकवला. "तुमच्याच गावच्या माणसानं पाहणी केलीय. वरून मंजुरीही आली." मी दौतीचं झाकण लावत बसलो. ते काही केल्या बसेना.

चाळ उभी राहिली. खोटं कशाला बोलू, पहिल्या वहाणा मीच तिथून घेतल्या. मग माघ आला. दरसालप्रमाणं ज्वारीच्या गाड्या आल्या, आणि बैल सवयीनं वळून भिंतीशी उभे राहिले. शेवटी कणसं सडकेवर पसरली. मोटारवाला भोंगा वाजवून ओरडला, "रस्ता हाय का खळं?"

"खळंच व्हतं की!" गाडीवाला म्हणाला. "तुजी मोटारच नवी आलीया."

लोक हसले. चाचा हसले नाहीत. ते मोजतही नव्हते. भर उन्हात उभे राहून एकेका गाडीला हातभर जागा दाखवत होते.

संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर गेलो. "चाचा, चूक माझी झाली."

त्यांनी सरकून मला ओट्यावर जागा करून दिली. मग म्हणाले, "न्हाय. तुम्ही दप्तरात वाढलेलं मानूस. म्या तुम्हाला एकदा माघात संगं न्यायला पायजे व्हतं. रोज समोर ऱ्हातो, अन् एकदा बी नेलं न्हाय." आणि माझ्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. तो हात फार हलका झाला होता.

मन मोकळं झाल्यासारखा मी घरी आलो. बायको कंदिलापाशी ज्वारी पाखडत होती. तिला म्हटलं, "चाचांनी माफ केलं."

"केलं असंल," ती म्हणाली. सुपातनं तिनं एक खडा वेचला, मग आणखी एक. "यंदाची ज्वारी सडकंवरची हाय. भाकरीत कचकच लागली, तर तुम्ही बोलू नका."