मालनच्या वाट्याचं गाणं

पवनीच्या अलीकडे मालगुजारांची, म्हणजे इथल्या जमीनदारांची, जुनी शेती आहे. पणजोबांच्या वेळचं सागाचं कोठार, तळं, तळ्याखाली धानाच्या बांध्या, भाताची खाचरं. आता कोठारात पाहुणे जेवतात आणि भोवताली प्लॉट पाडून टाउनशिपचे बंगले उठलेत. मी तिथल्या स्वयंपाकघरात आहे. आमच्या सगळ्यांचं पोट भातावर, पण नागपूरच्या पाहुण्यांना खेड्यात आलं की भाकरीच हवी असते. जन्मात थापल्या नव्हत्या एवढ्या भाकरी मी इथे थापल्या.

सांगायचं आहे ते कुंताबाईचं. तिचं काम रोवणा करून दाखवायचं. कोठारासमोर एक बांधी त्यासाठी राखलेली आहे, बारा महिने चिखल. रविवारी पाहुणे पँटी दुमडून उतरतात. कुंताबाई त्यांच्या हातात धानाची रोपं देते, वाकून मागे मागे सरकत कसं रोवायचं ते दाखवते आणि गाणं म्हणते. पाहुणे गेले की ती सगळी रोपं उपटून टाकते, कारण पुढच्या पाहुण्यांना रिकामा चिखल लागतो. त्या बांधीत लोंबी आलेली कोणी पाहिली नाही.

रोवण्याचं ते गाणं दोघींचं. एकीने विचारायचं, दुसरीने उत्तर द्यायचं. कुंताबाई आणि मालनबाई सुना होऊन आल्या तेव्हापासून मालगुजारांच्या याच बांध्यांत मजुरीला. कुंताबाई विचारायची, मालनबाई उत्तर द्यायची. कुंताबाईचा नवरा गेला, मूलबाळ झालं नाही, तेव्हा तिच्याजवळ मालनबाईच होती. मग तळ्याकाठची मजुरांची घरं टाउनशिपच्या जागेत गेली आणि कैलाश आपल्या आईला, मालनबाईला, नागपूरला घेऊन गेला.

तेव्हापासून कुंताबाई फक्त आपलीच बाजू म्हणायची. माहेरचा भाऊ कुठे राहिला म्हणून विचारायची आणि उत्तराएवढा वेळ गप्प उभी राहायची. पाहुण्यांना वाटायचं, संपलं. ते टाळ्या वाजवायचे.

आमचा मॅनेजर निकेश वैतागायचा. "मावशे, आखं गानं तूच म्हन ना. लोकं मधातच टाळ्या वाजवून राहिले."

"ते माह्यं नोहोय. मालनचं हाय. मालन येईन तवा म्हनन."

फाटकात गाडी वाजली की ती चिखलातूनच मान वळवून बघायची. आम्ही तिची थट्टा करायचो, पण ती बघायचं सोडत नव्हती.

आणि एका रविवारी मालनबाई खरंच आली. कैलाशने टाउनशिपमध्येच प्लॉट घेतला होता, तो दाखवायला सासूसासऱ्यांना आणलं होतं. कुंताबाई धावत स्वयंपाकघरात आली, तोंड धुतलं, केस चापून बसवले. "आज गानं पुरं होते, पाहाजो," मला म्हणाली. तिला एवढं खुश मी कधी पाहिलं नव्हतं.

मी चहा घेऊन बाहेर गेले तेव्हा कैलाश सासऱ्यांना सांगत होता, "आमची शेती इथंच होती." मालनबाई शेजारी खुर्चीत बसली होती, पायांत नव्या चपला.

कुंताबाईने रोपं रोवत गाणं उचललं. भाऊ कुठे राहिला, असं विचारलं आणि ताठ उभी राहून थेट मालनबाईकडे बघितलं.

मालनबाईचे ओठ हलले. मला स्पष्ट दिसलं. मग तिने व्याह्यांकडे बघितलं आणि पदर सारखा केला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

निघताना ती बांधावर आली. हळूच म्हणाली, "काय व कुंता, मी त भुलली आखं गानं."

"होते तसं," कुंताबाई म्हणाली. "चाय पेली का?"

"हाव."

आणि गाडी गेली. मला मालनबाईचा राग आला, अजून आहे. कुंताबाईला आला नाही. आला असता तर बरं झालं असतं, दोन शिव्या देऊन मोकळी झाली असती. ती खाली वाकली आणि रोपं उपटू लागली.

पुढच्या रविवारी तिने विचारलं, भाऊ कुठे राहिला, आणि न थांबता उत्तरही म्हटलं. जरा जाड आवाजात, मालनबाई म्हणायची तसं. निकेश खुश झाला. टाळ्या आता बरोबर शेवटी वाजतात. फाटकात गाडी आली तरी कुंताबाई मान वळवत नाही.