प्रिंटरचं दुसरं लग्न

माझ्या थोरल्या साडूंनी उभ्या आयुष्यात कुठलीही गोष्ट दुसऱ्या गोष्टीला आधी विचारल्याशिवाय जोडली नाही. नळाला पाइप, कुकरला रबर, भिंतीला खिळा, माणसाला माणूस. सगळ्यांची आधी कसून चौकशी आणि मगच गाठ. "जुळतं का बघू," हे त्यांचं पालुपद. मुलुंडच्या त्यांच्या घरात मिक्सर घ्यायचं ठरलं तेव्हा साडूभाऊंनी स्वयंपाकघरातला प्लगपॉइंट भिंतीतून सोडवला, पिशवीत घातला आणि दुकानात नेला. दुकानदारानं बिचाऱ्यानं "अहो साहेब, सगळ्यांना सारखीच पिन असते" असं परोपरीनं सांगून पाहिलं. साडूभाऊ म्हणाले, "तुमचं मिक्सरबद्दल बरोबर असेल, पण आमच्या भिंतीबद्दल तुम्हाला काय ठाऊक?" पिन बसली, मिक्सर घरी आला. पण प्लगपॉइंट पुन्हा भिंतीत बसवताना कुठली वायर कुठं होती ते काही जुळेना. पुढचे कित्येक दिवस ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, नव्याकोऱ्या मिक्सरशेजारी बसून पाट्यावर चटणी वाटत होत्या.

लोखंडी कपाटाची गोष्ट तर त्यांच्या बिल्डिंगमध्ये अजून सांगतात. कपाट जिन्यातून वर येईल की नाही, हे बघायला साडूभाऊंनी आधी त्याच मापाचं पुठ्ठ्याचं कपाट बनवलं. आम्ही चौघांनी ते खऱ्या कपाटाच्या अदबीनं उचललं, "जरा तिरपं घ्या, कोपरा सांभाळा" असं ओरडत वर चढवलं आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ते अडकलं. कोणीही ते दुमडून सुटका करून घेतली असती, पण साडूभाऊ ठाम होते. "खरं कपाट दुमडता येतं का?" खऱ्या कपाटाचा बेत रद्द झाला. पुठ्ठ्याचं मात्र तिथंच राहिलं आणि शेजाऱ्यांनी त्यात चपला ठेवायला सुरुवात केली.

स्वतःच्या लग्नाच्या वेळी ते ताईंना बघायला गेले, तेव्हा स्वयंपाक येतो का, गाणं येतं का, असलं काहीएक न विचारता त्यांनी विचारलं होतं, "तुम्ही झोपताना खिडकी उघडी ठेवता की बंद?" सासूबाईंचा चेहरा पडला. ताई शांतपणे म्हणाल्या, "डास कुठल्या बाजूनं येतायत त्यावर." साडूभाऊ पोह्यांची बशी खाली ठेवून आपल्या वडिलांना म्हणाले, "जुळतंय."

पुढं माझं लग्न ठरायच्या बेतात आलं तेव्हा हे गृहस्थ काळी टोपी घालून माझ्या घाटकोपरच्या खोलीवर हजर झाले आणि खुर्चीत बसत म्हणाले, "आता मी तुमचा सासरा. बोला." मग संध्याकाळभर त्यांनी मला सासऱ्याच्या अधिकारानं फैलावर घेतलं. माझं हसणं, चहा पिणं, पायावर पाय टाकणं, काही म्हणता काही सोडलं नाही. शेवटी टोपी काढून घाम पुसला आणि म्हणाले, "जुळेल." प्रत्यक्षातले सासरे इतके गरीब निघाले, की मी आल्यावर तेच आधी उठून उभे राहत. मला सासऱ्यांची म्हणून जी काही धास्ती वाटली, ती आयुष्यभर साडूभाऊंचीच.

विक्रोळीच्या कारखान्यात मला चिकटवलं तेही त्यांनीच. तिथल्या संगणक विभागात ते प्रिंटर सांभाळत. ऐंशीच्या दशकातला प्रिंटर म्हणजे चांगला ट्रंकेएवढा, आणि आवाज असा की शेजारच्या खोलीत फोनवर बोलणारा माणूस आपसूक ओरडायला लागे. साडूभाऊ त्याला 'ती' म्हणत. रोज सकाळी तिचं झाकण पुसत, रिबन हलक्या हातानं बसवत, आणि मोठं काम आलं की तिला मधे विसावा देत. आम्ही हसायचो. त्यांच्यावर त्याचा काही परिणाम होत नसे.

मग अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास कंपनीनं संगणक बदलायचं ठरवलं. नुसतं यंत्र नव्हे, तर ते ज्या रीतीनं चालतं ती सगळी सिस्टिमच वेगळी. जुना संगणक पुरवठादारानं बदल्यात उचलून नेलासुद्धा. प्रिंटर तेवढा मागं राहिला. नव्या सिस्टिमशी तो चालेल का, हे कुणी विचारलंच नव्हतं. म्हणजे एकानं विचारलं होतं, पण तो रोजच काहीतरी विचारत असल्यामुळं कुणी ऐकलं नव्हतं. पुरवठादाराचा अंधेरीहून आलेला इंजिनियर टाय सैल करत म्हणाला, "काका, टेन्शन नका घेऊ ना. सगळं सगळ्याला चालतं." साडूभाऊंच्या कानाला याहून अभद्र वाक्य ऐकवणं शक्य नव्हतं.

आमच्या साहेबांनी मग निकालच लावून टाकला. "सोमवारी लावून बघू. चालला तर उत्तम. नाही चालला तर प्रिंटर भंगारात, आणि तुम्ही गोवंडीच्या गोदामात."

इथं माझं हसू आटलं. साडूभाऊंना दमा होता. गोदाम डम्पिंग ग्राउंडच्या अंगाला, तिथली हवा म्हणजे कचऱ्याचा धूर. साडूभाऊ शनिवारी रजा काढून रीतसर गोवंडीला गेले, गोदामाच्या दारात बसून राहिले आणि संध्याकाळी धापा टाकत घरी आले. ताईंनी पाठ शेकली, गरम पाणी दिलं. जरा धाप ओसरल्यावर ते एवढंच म्हणाले, "नाही जुळत." ताई स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

मग मात्र साडूभाऊंनी कंबर कसली. रविवारी मला घेऊन ते मुलुंडच्या गुरुजींकडे गेले आणि पत्रिका जुळवायच्या आहेत म्हणाले. गुरुजींनी चष्मा लावला.

"मुलीची जन्मवेळ?"

"तिच्यापुढं नारळ फोडला, ती वेळ."

"हं. प्रथम विवाह?"

"नाही. दुसरा."

"पहिला का मोडला?"

"पहिला एक्स्चेंजमध्ये गेला."

गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडराकडं पाहिलं. पण गुरुजीही मुरलेले होते. त्यांनी मुलाची जन्मवेळ विचारली, म्हणजे इंजिनियरनं नवं यंत्र पहिल्यांदा सुरू केलं ती, बोटं मोजली, आणि म्हणाले, "बाकी सगळं उत्तम आहे. पण मुलगा अबोल. मनातलं सांगणार नाही. मुलीलाच समजून घ्यावं लागेल." साडूभाऊ चिंतेत पडले. मी मनातल्या मनात गुरुजींना आणि साडूभाऊंना एका ओळीत बसवून टाकलं.

सोमवार उजाडला. प्रिंटर संगणकाच्या खोलीत न्यायला हमाल आले, तर साडूभाऊ दारात आडवे. "मुलीला उचलून मुलाच्या घरी दाखवायला नेतात का? तेच येतील इकडे." साहेब तापले, पण नवं यंत्र प्रिंटरपेक्षा हलकं आहे हे कळल्यावर हमालांनीच साडूभाऊंची बाजू घेतली. नवरदेव ढकलगाडीवरून आले. ताईंनी डबा भरून कांदेपोहे दिले होते, वर खोबरं-कोथिंबीर. अख्खं ऑफिस दाटीवाटीनं उभं राहिलं. प्रिंटरवर साडूभाऊंनी धुतलेला पांढरा रुमाल घातला होता, तो त्यांनी हळूच काढला.

तपासायला काहीतरी छापायला हवं होतं. आमचे साहेब एका दगडात दोन पक्षी मारणारे. त्यांनी साडूभाऊंच्या बदलीचा हुकूम आधीच नव्या यंत्रात टाइप करून ठेवला होता. "हेच छापा," ते म्हणाले. "लागलाच तर तयार असलेला बरा."

प्रिंटर खरखरला. पहिली ओळ झकास आली. दुसरी ओळ मात्र डावीकडून सुरू न होता, पहिली जिथं संपली होती तिथून, एक पायरी खाली सुरू झाली. तिसरी त्याच्याही खाली, अजून उजवीकडं. कागदाची कड आली तरी हुकूम संपेना. मग उरलेली सगळी अक्षरं एकमेकांच्या उरावर चढून तिथं एक काळा डाग झाला. साहेबांनी कागद फाडून घेतला. आपली बदली तातडीनं करण्यात येत आहे, इथपर्यंत नीट वाचता येत होतं. पुढं डाग.

"बदली झाल्येय," साडूभाऊ वाकून बघत म्हणाले, "पण कुठं ते म्हटलेलं नाही."

"गोवंडीला!" साहेब कडाडले.

"कागदावर नाही ना पण."

साहेबांनी हुकूम टाइप करून आणायला सांगितला. तेव्हा लक्षात आलं, की संगणकाचं युग आलं म्हणून साहेबांनी गेल्याच महिन्यात झाडून सगळे टाइपरायटर देऊन टाकले होते. हातानं लिहावा, तर हातानं लिहिलेला कागद यापुढं ग्राह्य धरू नये असं फर्मानही त्यांचंच. म्हणजे आता अशी गंमत झाली, की प्रिंटर चालत नाही म्हणून साडूभाऊंना गोवंडीला धाडायचं, तर धाडण्यासाठी आधी प्रिंटर चालायला हवा; आणि तो चालला तर धाडायचं कशाला?  साहेब मटकन बसले आणि कुणीतरी त्यांच्या हातात पोह्यांची बशी दिली.

"प्रिंटरच बेकार आहे यार," इंजिनियर म्हणाला. "वाट लागली."

आणि माझे साडू, ज्यांचा मी उभ्या जन्मात चढलेला आवाज ऐकला नव्हता, ते पोरीची बाजू घेत थेट आपल्या गावच्या, देवगडच्या बोलीत गरजले, "ह्येच्यात चेडवाचो काय दोष रे?" मग श्वास सावरून म्हणाले, "ओळ संपली की तुमचा हा पठ्ठ्या तिला काय सांगतो?"

"खाली जा म्हणून सांगतो."

"जा! नुसतं जा! अरे, आपल्या घरातनं कोणी निघालं तर आपण जा म्हणतो का? निघणारा 'येतो' म्हणतो, आपण 'या' म्हणतो. दुधाच्या भय्यालासुद्धा आम्ही 'ये' म्हणतो. जुना होता तो सांगायचा, खाली जा आणि परत ये. म्हणून यायची बिचारी. हा परत ये म्हणतच नाही, तर कुठल्या तोंडानं येईल ती?"

सगळे खो खो हसले. मीही हसलो. इंजिनियर मात्र हसला नाही.

"काका, एक मिनिट. परत बोला."

"काय परत बोला?"

"जुना दोन गोष्टी सांगायचा. हा एकच सांगतो." त्यानं कपाळावर हात मारला, प्रिंटरचं झाकण उघडलं, आत नखाएवढ्या बटणांची एक रांग होती, त्यातलं एक बॉलपेनच्या टोकानं वर केलं. "आता हा नुसतं खाली जा म्हणाला, तरी ती आपलं आपण समजून परत पण येणार."

मला गुरुजी आठवले, आणि अंगावर काटा आला, हे कबूल केलं पाहिजे.

हुकूम पुन्हा छापला. ओळीखाली ओळ, देखणा, गोवंडीसकट. साहेब तो बघून इतके खूश झाले, की त्यांनी सवयीनं सहीच ठोकली. मग ती बदली रद्द करणारा दुसरा हुकूम छापावा लागला. साडूभाऊंनी सगळ्यांना पोहे वाटले. स्वतः मात्र प्रिंटरच्या मागं, भिंतीकडं तोंड करून उभे राहिले आणि तोच पांढरा रुमाल त्यांनी डोळ्यांना लावला. त्यांना दम लागला असावा असं सगळ्यांना वाटलं. मला ठाऊक होतं.

पुढं ते निवृत्त होऊन देवगडला गेले. अर्थात आधी महिनाभर मुलुंडच्या फ्लॅटमध्ये पंखा बंद ठेवून, कंदिलावर वाचून आणि तिसऱ्या मजल्यावरून दोरीच्या बादलीनं विहिरीसारखं पाणी शेंदून बघितलं, तेव्हाच गेले. ऑफिसातल्या शेवटच्या दिवशी हार-तुरे झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "ते बटण वरच राहू दे हं. लक्ष ठेव." मी ठेवलं. रोज सकाळी, कुणी यायच्या आत, झाकण उघडून बघायचो. कुणी पाहिलं असतं तर मलाही हसले असते.

आता साडूभाऊ नाहीत. ते गेले तेव्हा मी इथं होतो, ते तिथं. शेवटची भेट काही झाली नाही, आणि ती हुरहुर आहेच. नवी वस्तू घरात आली, की ती बसेल का म्हणून मी दारातच घुटमळतो आणि बायको माझ्याकडं बघून न बोलता आत जाते. पण मला जास्त आठवतो तो एक फोन. प्रिंटर शेवटी भंगारात निघाला, कुर्ल्याच्या माणसानं टेम्पोत घालून नेला, त्या दिवशी मी देवगडला त्यांच्या शेजाऱ्यांकडं फोन लावला होता. साडूभाऊ धापा टाकत आले. मी सांगितलं. त्यांनी आधी एवढंच विचारलं.

"जाताना काय म्हणालास तिला?"

"गेटवर होतो. ये म्हटलं."

"बटण?"

"वरच होतं."

"मग येईल," ते म्हणाले.