मागे ठेवलेला ठोकळा

बोगस बियाण्यांनी गावंच्या गावं नाडली, त्या वर्षांत हिवरखेडचा एक शेतकरी अकोल्याला माझ्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये आला. त्याचा रक्ताचा रिपोर्ट चांगला होता. पण प्रोस्टेटमधून तपासणीसाठी काढलेल्या तुकड्यांत मला फार क्वचित दिसणारा, रक्तात न कळणारा कॅन्सर सापडला होता. टोपी गुडघ्यावर ठेवून त्याने सगळं ऐकून घेतलं.

मुंबईच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवण्यासाठी मी त्याला मेणात बसवलेल्या तुकड्यांचे दोन्ही ठोकळे दिले. त्याने एक परत सरकवला.

"हा राहू द्या सायेब. पेरतानी आमी मूठभर बियाणं मांगं ठेवतो. उगवलं नाई त दाखवाले लागते."

"कोणाला दाखवणार?"

"ते मंग पाहू."

ठोकळा अजून माझ्या कपाटात आहे. मागायला कुणी आलं नाही.